दादा, तो कावळा ओळखीचा होता

दादा, तुझ्या दहाव्याला कावळा शिवला. लगेच नाही, चांगली वाट बघायला लावून शिवला. तलावाच्या काठावर जमलेल्या माणसांनी हात जोडले, बायकांनी डोळ्यांना पदर लावले, कुणीतरी "साहेब अमर रहे" अशी आरोळी ठोकली. आणि मला संशय आला.

तू असतास तर म्हणाला असतास, "तारे, तुला संशय न आलेला एक दिवस दाखव." खरं आहे. आमच्या ह्यांना मी लग्नाच्या मांडवातच विचारलं होतं, तुम्ही खरोखर मास्तर आहात ना म्हणून. म्हसवडच्या शाळेत मी जन्म काढला, पण पोरांच्या पोटदुखीवर एकदाही चटकन विश्वास ठेवला नाही. पण ही विद्या माझ्या माहेरची आहे. ती तू मला शिकवलीस, आणि तू ती बँकेत शिकलास. तेव्हा तिचा वापर तुझ्याच दहाव्याला झाला तर तक्रार करू नकोस.

लोक तुझ्यावर लिहितायत. कुठल्या साली चेअरमन, कुठल्या साली आमदार, मंत्री म्हणून कोणकोणती खाती. ते त्यांना लिहू दे. मला आठवतोस तो कवठे महांकाळच्या शाखेतला, बारीक मिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला तपासणी अधिकारी. आई-तात्या तेव्हा मेंढरं घेऊन कोकणात उतरलेले असायचे, आणि मी शिकायला तुझ्या खोलीवर. सुट्टीच्या दिवशी तू मला मोटारसायकलवर मागे बसवून म्हशी बघायला न्यायचास. बँकेनं म्हशीसाठी कर्ज दिलेलं असायचं, आणि म्हैस खरंच घेतली का ते बघायचं काम तुझं. माणसं काय कमी हुशार! तपासणीच्या दिवशी शेजाऱ्याची म्हैस आणून आपल्या दावणीला बांधायची. शिंगांना तेल, कपाळाला कुंकू, अगदी नवीकोरी.

तू आधी कागद मागायचा नाहीस, चहा मागायचास. एकदा एका गोठ्यात चहा पिता पिता तू घरच्या बाईला म्हणालास, "काकू, म्हशीला हाक मारा बरं."

"आं? कशाला वो सायेब?"

"मारा की. नाव काय ठेवलंय?"

काकूंना नाव सुचायला जरा वेळ लागला. "चंद्री. ये चंद्रे!" म्हैस ढिम्म. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारीण घागर घेऊन निघाली, आणि चंद्रीनं मान अशी वळवली की दावं ताणलं गेलं. तू कपबशी खाली ठेवलीस. "म्हैस चांगली हाय काकू. ज्यांची हाय त्यांना देऊन टाका, आन् तुमची कवा घेताय ते सांगा." परत येताना मला म्हणालास, "माणूस काय सांगतो ते ऐकत बसू नये, तारे. जनावर कुणाकडं बघतं ते बघावं."

त्या बाईवर तू कारवाई केली नाहीस. काही दिवसांनी पुन्हा गेलास तेव्हा दावणीला दुसरी म्हैस होती, हाकेला ओ देणारी. त्या घरची पोरं पुढं दुधावर शिकली. तेव्हा तू मला देवासारखा वाटायचास. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढं सांगायची माझी तयारी राहील की नाही याची मला खात्री नाही.

मग तू बँक सोडलीस. आज बँकेचा चेअरमन आणि तालुक्याचा कारभारी असलेला नाना तेव्हा नुसता संचालक होता. तो जीप घेऊन आला, खोलीवर दोघं दार लावून बोललात, आणि बाहेर येऊन तू मला म्हणालास की राजीनामा देतोय, निवडणुकीला उभा राहतोय. मी विचारलं, का? तू म्हणालास, लोकांचं काम करायचंय. मी म्हटलं, ते तर तू करतोसच की. यावर तू मनगटावरचं घड्याळ काढलंस, पुसलंस आणि पुन्हा बांधलंस. 

तिथून सगळं सुरू झालं बघ. उसनी म्हैस एका नजरेत ओळखणारा माझा भाऊ गुलालात माखून जीपवर उभा राहिला, तेव्हा मला वाटलं, याला कुणीतरी काहीतरी दाखवलंय. काय दाखवलं असेल? पैसा म्हणावा तर तुझी चप्पल शेवटपर्यंत तीच. खुर्ची म्हणावी तर खुर्चीवर तू नीट टेकून बसायचा नाहीस, कडेला बसायचास, तपासणीला आल्यासारखा. म्हणजे तिसरंच काहीतरी होतं, आणि ते तू मला सांगत नव्हतास. मी दर भाऊबीजेला ओवाळता ओवाळता तुझ्याकडं बघायची. तू डोळे मिटून घ्यायचास. लोकांना वाटायचं, किती भाविक.

तुझी सवय मात्र सुटली नाही. नानानं ट्रकनं माणसं आणून सभा भरवली की तू व्यासपीठावरून खाली उतरायचास आणि एखाद्याला धरायचास. "पाव्हणं, गावची यात्रा कवा असती वो तुमच्या?" तो चाचरला की वर येऊन नानाच्या कानात सांगायचास, "नाना, ही उसनी म्हैस हाय." नाना कपाळाला हात लावायचा. पण सभा तू रद्द केली नाहीस कधी. त्याच उसन्या माणसांपुढं तासभर बोलायचास, आणि बरं बोलायचास. हे मला फार खटकायचं.

मंत्री असताना एका दुष्काळात तू सीमेपलीकडच्या अधिकाऱ्याशी फोनवर कानडीत बोललास. मेंढरांमागं सीमेपलीकडंही फिरून तात्यांना आलेली ती कानडी तू त्यांच्याकडून उचललीस, आणि बँकेच्या नोकरीतही ती कामाला आली होती. हसत काय, ओरडत काय, त्याच्या आईची चौकशी काय! आठवड्यात पलीकडून ओढ्याला पाणी सुटलं. पेपरात तुझा फोटो आला. मी फोन करून विचारलं, "बदल्यात काय दिलंस?" तू म्हणालास, "तुला कायम बदल्यात काय दिलं तेच दिसतं." मी म्हटलं, "तूच दाखवलंस." तू फोन ठेवलास.

आणि पाण्याचं भांडण. ते आपलं खरं भांडण. उपसा योजनेचे पंप सुरू झाले ते तुझ्या सहीनं, आणि पाणी आधी गेलं पलूसकडच्या उसाला. आपल्या माणदेशाच्या कोरड्या शिवारात पाइप येऊन पडले होते आणि पोरं त्यांत लपंडाव खेळत होती. भाऊबीजेला मी ओवाळणीचं ताट खाली ठेवून विचारलं, "पाणी उसाला का?" तू म्हणालास, "विजेचं बिल भरणारं रान आधी लागतं, तारे. ते भरतील तर पंप चालतील, पंप चालले तर पाणी वर चढंल. आपल्या रानाला आधी दिलं असतं तर पहिल्याच बिलाला पंप बंद पडले असते." मी म्हटलं, "हे बँकवाला बोलला. आमदार कुठाय?" तू न जेवता उठलास. पुढं काही वर्षांनी पाणी आपल्या ओढ्याला आलं, हे खरं. तू हिशेबानं बोलला होतास की उसाच्या माणसांनी तुला धरून ठेवलं होतं, हे मला आजही कळलेलं नाही. पाणी बघून माणसं नाचली, मी निवडणुकीचं वर्ष कुठलं ते मोजत बसले. तुला यासाठी मी अजून माफ केलेलं नाही. मेल्यावर माफ करावं म्हणतात, पण मग जिवंतपणी भांडलो त्याला काय अर्थ राहिला?

मिरजेच्या दवाखान्यात मी तुझ्या उशाशी बसले होते. नळ्या, मशीन, त्यांची टिवटिव. मी विचारलं, "दादा, तुझ्यामागं कोण?" तू म्हणालास, "बाहेर कोण हाय?" मी म्हटलं, नाना आहे, तुझा अभी आहे, सगळा तालुका आहे. तू डोळे मिटलेस. भाऊबीजेला मिटायचास तसेच. त्यानंतर तू माझ्याशी बोलला नाहीस, कुणाशीच बोलला नाहीस. अशा माणसाची शेवटची इच्छा काय होती हे आता अख्ख्या तालुक्याला पाठ आहे.

दुसऱ्या दिवशीच फ्लेक्स लागले. तुझा फोटो वर कोपऱ्यात आणि खाली श्रद्धांजली वाहणारे, प्रत्येकजण तुझ्यापेक्षा मोठा. निवडणूक तोंडावर आलेली, तुझी खुर्ची रिकामी. घरात येणारा प्रत्येकजण आधी तुझ्या फोटोला नमस्कार करायचा आणि मग अभीकडं बघायचा. तुझा अभी, पलूसचा जनावरांचा डॉक्टर. गायीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासरू ओढून काढणारा पोरगा, पण माणसांपुढं बोलायचं म्हटलं की घसा कोरडा. त्यानं मला माजघरात गाठलं.

"आत्या, मला हे न्हाई जमायचं. तू नानांना सांग."

"तू सांग की."

"माझं कोण ऐकतंय? जनावरं ऐकत्यात तेवढी."

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. खरं बोलत होता. निदान तेव्हा मला तसं वाटलं. मी त्याला शब्द दिला, तुला कुणी जबरदस्तीनं उभं करणार नाही. शब्द देताना मला वाटलं होतं की नानाशी बोलणं झालं की काम झालं. तुझा दहावा आणि तुझा कावळा मधे येतील हे कुठं माहीत होतं?

दहाव्याला पानावर तुझ्या आवडीचं सगळं मांडलं. हुलग्याचं माडगं, बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कपभर बिनसाखरेचा चहा. कुणीतरी पक्षाचं उपरणंही घडी करून ठेवलं. ते मी उचलून बाजूला केलं. बाभळीवर कावळे बसलेले दिसत होते, पण एक खाली उतरेना. सगळी माणसं मागं सरली. ऊन चढलं. मग आपली रीत सुरू झाली, तुझ्या मनात काय राहिलं असेल ते ओळखायचं आणि मोठ्यानं कबूल करायचं. सरपंच म्हणाला, "सायेब, तलावाचं काम पुरं करतो." कावळा हलला नाही. कुणी म्हणालं, "सायेब, तुमचं स्मारक बांधू." कावळ्यानं पंख साफ केले. मला वाटलं, माझंच काहीतरी अडलं असेल. मी पुढं होऊन हळू म्हटलं, "दादा, माझा राग गेला रे." कावळा जागचा हलला नाही. त्यालाही ते खोटं वाटलं असणार.

तेव्हा नाना पुढं झाला. डोळे पाण्यानं भरलेले, आवाज मात्र सभेचा. "सायेब, तुमी काळजी करू नगा. अभिजितला आमी आमदार करतो. ही खुर्ची तुमच्या घरातच राहील."

आणि कावळा उतरला.

संध्याकाळच्या आत तो व्हिडिओ गावोगाव फिरला. साहेबांनी कौल दिला, असं खाली लिहिलेलं. मला म्हसवडहून शेजारणीनं पाठवला, वर हात जोडलेल्या चित्रांची रांग. जन्मभर कुणाला सहजी शब्द न देणारा माझा भाऊ मेल्यावर कावळ्याच्या तोंडून बोलायला लागला होता, आणि ज्या पोराला मी शब्द दिला होता त्याची मान त्यात अडकली होती. देवाचा कौल मोडता येतो एखादवेळ, गुरवाला विचारून. बापाचा दहाव्याचा कौल कोण मोडणार?

माझा संशय सरळ नानावर. त्याआधी, तलावावरून सगळे पांगत असतानाच, मी त्याच्या गाडीपाशी गेले होते. मागच्या काचेतून एक लांबलचक गुंडाळी दिसत होती. ड्रायव्हरला म्हटलं, "काय रं ते?" तो म्हणाला, "काय न्हाई आक्का, बोर्ड हाय." मी दार उघडून टोक ओढलं. अभीचा फोटो, हात जोडलेला, वर लिहिलेलं, साहेबांचा वारसा. शाई सुकलेली, म्हणजे कावळा उतरायच्या आधीच छापलेला. नाना माझ्या मागंच उभा होता.

"आक्का, बोर्ड मी छापला. कबूल. न्हाई कसं म्हणू? पण कावळा माझ्या बापाचं बी ऐकत न्हाई वो."

"मग तू अभीचं नाव घेतल्याबरोबर कसा आला?"

"सायेबांचं मन हुतं म्हणून आला. तुमी बहीण हाय, तुमाला ठाव नसंल तर कुणाला?"

बघ, किती हुशार! पण त्याच्या चेहऱ्यावर मला एक गोष्ट दिसली, आणि ती मला आवडली नाही. कावळा आल्याचं त्यालाही आश्चर्य वाटलं होतं. तो खरंच रडत होता, दादा. नाना खोटं रडताना मी पुष्कळदा बघितलाय, तेव्हा तो रुमाल आधी काढतो.

घरी येऊन मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावला. नानाचा आवाज, पंखांची फडफड, लोकांचा हलकल्लोळ. सगळे पानाकडं बघतायत. मी कावळ्याकडं बघितलं. तो जमिनीवर टेकला, आणि भाकरीकडं न जाता आधी त्यानं मान वळवली. डावीकडं. तिथं पांढऱ्या सदऱ्यात, केस उतरवलेला, हात बांधून अभी उभा होता. कावळा त्याच्या हाताकडं बघत होता. काही नाही मिळालं तेव्हा मग पानाकडं गेला.

 ज्याच्यासाठी मी भांडत होते तोच! म्हणजे मला न्हाई जमायचं म्हणणारं पोरगं गुपचूप तलावावर जाऊन कावळे वळवत होतं, आणि माझ्यापुढं घसा कोरडा करत होतं. तुझ्या घरातला आणखी एक माणूस मला खरं सांगत नव्हता.

तो गोठ्यात होता. मी फोन त्याच्यापुढं धरला आणि म्हटलं, "हा कावळा तुला ओळखतो."

तो व्हिडिओ बघून नाकारेल असं मला वाटलं होतं. तो दावणीच्या दगडावर बसला.

"तीन-चार दिस भाकरी घातली, आत्या. पहाटं. कुणी बघू ने म्हणून."

"आमदारकीसाठी?"

"आत्या!" त्याचा आवाज असा चढला की गाय दचकली. "मला काय ठाव नाना काय बोलणार ते? मी भाकरी घातली कारण मला भ्या वाटत हुतं. कावळा शिवला नसता तर? एवढा लोक जमणार. दर्भाचा कावळा करून लावायची पाळी आली असती. सगळं म्हणलं असतं, सायेबांच्या मनात काहीतरी राहिलं. आन् काय राहिलं ते मला ठाव हुतं."

"काय?"

"मीच की. गेल्या टायमाला जिल्हा परिषदेला उभा राहा म्हणाले, मी न्हाई म्हणलो. तवापास्नं माझ्याशी नीट बोललं न्हाईत. मला वाटलं, कावळा माझ्यापायीच यायचा न्हाई."

दादा, मी तिथंच शेणाच्या पालथ्या पाटीवर बसले. तुझ्या पोरालाही तुझ्याविषयी तेच वाटत होतं जे मला, की तुझ्या मनात काहीतरी आहे आणि तू ते सांगत नाहीस. मला वाटायचं तू एकट्या माझ्याशीच असं वागतोस. तू घरात सगळ्यांसमोर डोळे मिटूनच बसला होतास का रे?

"मग सांग लोकांना," मी म्हटलं.

"काय सांगू? बाबांचा कावळा फितवला म्हणून सांगू? अब्रू जाईल त्यांची."

"नाही सांगितलंस तर तू जाशील."

 तो गायीच्या मानेखाली खाजवत बसला. मलाही माझं खरं कळत नव्हतं. अब्रू तुझी, मान त्याची आणि शब्द माझा. मी म्हटलं तुझं तू ठरव, आणि उठून आले.

तेराव्याला शाळेच्या पटांगणात शोकसभा. मांडव, पंखे, पहिल्या रांगेत सोफे. नानानं दहाव्याची गोष्ट पुन्हा सांगितली, कावळ्याच्या पंखांसकट. मग म्हणाला, "आता सायेबांनी ज्याच्याकडं बोट दाखवलं त्यो बोलंल." अभी माइकपाशी गेला. घसा खाकरला. 

"कावळा बाबांनी धाडला न्हाई," तो म्हणाला. "मी त्याला भाकरीची सवय लावली हुती. शिवंल का न्हाई याची भीती वाटली म्हणून. माझी चूक झाली. आमदारकीसाठी बाबांनी माझं नाव कुणापाशी घेतलं न्हाई. मला माफ करा."

 मला वाटलं, आता कुणीतरी ओरडणार, बापाच्या पिंडाशी खेळला म्हणणार. तेवढ्यात मागून एक म्हातारा फेट्यावर हात ठेवून उभा राहिला.

"डाक्टर, मी बी घातली हुती. माझ्या बापाच्या टायमाला. उकडलेली अंडी."

कुणीतरी फिसकन हसलं. मग बायकांच्या बाजूनं एक आवाज आला, "सासूबाईंच्या वक्ताला आमी भजी टाकली हुती." मग आणखी एकजण. माणसं हसत होती, रडत होती, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. अख्ख्या शिवारातल्या कावळ्यांना आमच्या लोकांनी वर्षानुवर्षं फितवून ठेवलं होतं आणि प्रत्येकाला वाटत होतं की हे पाप आपण एकट्यानंच केलंय. दादा, तुझ्या सभांना इतकी माणसं मनापासून हसताना मी कधी बघितली नाहीत. मला तू फार आठवलास. मी पदर तोंडात धरून रडले, कुणाला दिसेल याची पर्वा न करता.

सुटलो, असं मला वाटलं. दिलेला शब्द पाळला गेला. पण नाना म्हणजे काय, तो उठलाच. माइक हातात घेऊन त्यानं सभा शांत होऊ दिली.

"बघितलं का? भरल्या सभेत खरं बोलला. गड्यांनो, असा माणूस आजकाल मिळतो का? कावळ्याचं जाऊ द्या. आता तुमी सांगा, ह्यो आमदार पायजे का नगं?"

आणि मांडव उठला. टाळ्या, शिट्ट्या, तुझ्या नावाच्या घोषणा आणि त्याला जोडून अभीचं नाव. या वेळी उसनं कुणी नव्हतं. मी अभीकडं बघितलं. तो आधी गोंधळला. मग हळूहळू त्याचे दोन्ही हात वर आले, छातीपाशी जुळले, आणि मान किंचित झुकली. कुणी शिकवलं होतं त्याला? माझा संशय पुन्हा जागा झाला. याला माहीत होतं का असं होणार ते? ही कबुलीसुद्धा आधी ठरवलेली होती का?

सभा पांगल्यावर मी त्याला मांडवामागं, भांडी घासायला ठेवली होती तिथं गाठलं.

"खरं सांग अभी. हे असं होईल हे तुला ठाऊक होतं?"

"न्हाई आत्या. तुझी शपथ."

"शपथ नको घालू. आता तू नाही म्हणणार आहेस का? म्हणणार असशील तर नानाचं मी बघते, आत्ता जाते."

 त्यानं एका पातेल्यातल्या पाण्यात हात बुडवून ते तोंडावर मारलं. मग माझ्याकडं सरळ बघून बोलला, डोळे न मिटता.

"आत्या, टाळ्या वाजल्या तवा मला लय बरं वाटलं. जल्मात असं वाटलं नव्हतं. आन् बरं वाटलं याचीच भीती वाटाय लागली. मला काय करावं कळंना."

दादा, एवढंच होतं का रे? नाना जीप घेऊन आला, तू राजीनामा दिलास, घड्याळ काढून पुसलंस आणि पुन्हा बांधलंस, ते एवढ्याचसाठी होतं का? तुला बरं वाटलं होतं, आणि त्याची भीती वाटली होती? मग सांगायचं होतंस. मी काय खाल्लं असतं तुला? चिडवलं असतं थोडं, आणि मग ओवाळलं असतं. पाण्यावरून तरीही भांडले असते, पण भांडताना मला माहीत असतं की समोर माझा भाऊ आहे.

मी अभीला म्हटलं, "उभं राहायचं तर राहा. आमचं म्हसवड तुझ्या मतदारसंघात नाही, माझं मत तुला मिळायचं नाही. पण आत्ता जे मला बोललास ते कुणापाशी तरी बोलत जा. कुणी नाही भेटलं तर मला फोन कर, कधीही."

तो माझ्या पाया पडला. मी त्याच्याकडं बघितलं नाही, त्याचा हात कुठं आहे, नजर कुठं आहे, काही तपासलं नाही. तो बोलला ते खरं धरलं आणि त्याच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला. हे तुझ्या बाबतीत करायचं माझं राहून गेलं, दादा.